बेस ऐकू आला का?

१ फेब्रुवारी २००८ च्या रात्री दादरच्या एशियाड स्टँडवर आम्ही चौघं शिवनेरीची वाट बघत उभे होतो आणि एकमेकांचं बोलणं कुणालाच धड ऐकू येत नव्हतं. चौघांच्याही कानात शिट्टी वाजत होती. ढोल्या ओरडून काहीतरी सांगत होता, डॉक्टर मान डोलावत होता आणि मावशी बॅगेतून गूळपोळ्या काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवत होती. आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड बघून, ऐकून आम्ही नुकतेच बीकेसीच्या मैदानातून बाहेर पडलो होतो.

बस पनवेल ओलांडून गेल्यावर कान जरा मोकळे झाले आणि तेव्हा कळलं की आम्ही चौघं चार वेगळ्या कॉन्सर्ट ऐकून आलोय.

आमची ओळख करून देते. ढोल्या पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात वाजवतो, म्हणून ढोल्या. डॉक्टर तेव्हा एमबीबीएसला होता, पुढे कान-नाक-घशात गेला. मावशी आमच्याच वयाची, पण डबा, पाणी, तिकिटं, परतीची बस सगळं तीच बघते, म्हणून मावशी. आणि मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचे. अजूनही घरी वाजवते. बेस म्हणजे चार तारांची ती गिटार, जिच्याकडे गाणं ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाण्याखालची जमीन सरकते.

त्या रात्री बसमध्ये ढोल्या म्हणाला, ड्रमर निको मॅकब्रेनचा उजवा पाय. त्याला बाकी काही आठवतच नव्हतं. एकाच पायाने, एका पेडलवर हा माणूस इतकी घाई कशी पेलतो, हे तो मांडीवर ताल धरून आम्हाला दाखवत राहिला. डॉक्टरला ब्रूस डिकिन्सनचा आवाज सोडून काही सांगायचं नव्हतं. दौऱ्याची पहिलीच कॉन्सर्ट मुंबईत. बँड, सगळी टीम आणि सामान एका बोइंग ७५७ मध्ये, आणि ते विमान उडवणारा पायलट स्वतः गायक. असा माणूस येऊन दोन तास वरच्या सप्तकात गातो, याने तो हलून गेला होता. मावशीला आठवत होती ती माणसं. गुवाहाटीहून दोन दिवस रेल्वेने आलेला एक मुलगा तिला रांगेत भेटला होता. ज्या गाण्यात गिटारची धून लोकच तोंडाने गातात, तिथे हजारो माणसं एका सुरात गायला लागली तेव्हा तिला रडू आलं होतं.

आणि मी? आम्ही दुपारपासून रांगेत थांबून अगदी पुढचं रेलिंग पकडलं होतं. माझ्यापासून पाच-सात मीटरवर मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस एक पाय मॉनिटरवर, म्हणजे मंचाच्या कडेच्या स्पीकरवर ठेवून, बेस बंदुकीसारखा लोकांवर रोखून उभा होता. त्याची दोन बोटं तारांवर घोड्याच्या टापांसारखी पडत होती. मला ती बोटं दिसत होती, नखं दिसत होती, पण बेस ऐकू येत नव्हता. पोटात नुसता घुमारा होता. मधल्या सुराचं काही कळत नव्हतं. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं ते तेरा मिनिटांहून लांब गाणं वीसेक वर्षांनी त्या रात्री पहिल्यांदा मंचावर आलं. त्याच्या मधल्या शांत भागात जहाजाची लाकडं करकरल्यासारखा आवाज येतो आणि खाली बेस एकटा चालतो. तेवढा भाग मात्र ऐकला. तेवढ्यासाठी दुपारपासूनचं उन्हात उभं राहणं मी आनंदाने पुन्हा करीन.

पण प्रश्न मनात राहिला. सगळ्यांत पुढे उभं राहून सगळ्यांत कमी का ऐकू आलं?

पुण्यात उतरल्यावर ढोल्याने वडिलांच्या दुकानातली एक कोरी चोपडी आणली. लाल कापडाच्या बांधणीची, लांबडी, जमाखर्चाची. त्यात आम्ही पहिलं पान लिहिलं: तारीख, मैदान, कुठे उभे होतो, आणि प्रत्येकाचा एक क्षण. नियम दोनच ठरले. गुण द्यायचे नाहीत. आणि ‘एक नंबर’ हा शब्द वापरायचा नाही, काय एक नंबर ते सांगायचं. कॉन्सर्टची तुलना करायची तर ती अशीच करावी, असं मला आजही वाटतं. दहापैकी आठ म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

मेटॅलिका यायची होती ती २०११ च्या दिवाळीत. २८ ऑक्टोबरला गुडगाव, ३० ला बेंगळुरू. २८ तारखेला भाऊबीज होती. मी ओवाळून उठले आणि डॉक्टरचा फोन आला, गुडगावची कॉन्सर्ट ऐन वेळी रद्द झालीय, लोकांनी स्टेजची मोडतोड केलीय. आमची बेंगळुरूची बस दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. जायचं की नाही यावर चौघांत रात्री बारापर्यंत फोन चालले. शेवटी मावशी म्हणाली, “चकल्या बांधून झाल्यात. मी निघालेय. तुम्ही बघा.” मग कोण थांबणार?

पॅलेस ग्राउंड्सवर पोचलो तेव्हा पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. लाल, चिकट, बुटाचा तळवा ओढून धरणारा चिखल. ढोल्याचा डावा बूट त्यात रुतला तो हाताने उपसून काढावा लागला. आत शिरण्याआधी डॉक्टरने आम्हाला बाजूला घेतलं आणि खिशातून फोमचे पिवळे बोळे काढले. त्याचं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच सुरू झालं होतं. बोळा दोन बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कोंबला तर बाहेर येतो आणि उपयोग शून्य. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, हे गणित त्याने तिथे चिखलात उभं राहून सांगितलं. मेडननंतर कानात वाजलेली ती शिट्टी म्हणजे कानाच्या आतल्या केसपेशींवर झालेला मार होता. त्या मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत.

मला भीती होती की बोळे घालून संगीत मेल्यासारखं होईल. झालं उलटंच. एनिओ मॉरिकोनेची धून मैदानावर पसरली, लोकांनी ती गळ्यातून उचलली, पहिलं गाणं फुटलं, आणि गोंगाटाचा वरचा चरचरीत थर गेल्यामुळे मला एकेक वाद्य वेगळं दिसायला लागलं. दिसायला हाच शब्द बरोबर आहे. रॉबर्ट त्रुहियो बेस गुडघ्याच्याही खाली लोंबता ठेवून, खेकड्यासारखा पाय फाकवून चालतो, आणि मी पहिल्यांदाच त्याची बोटं आणि माझ्या छातीतला ठोका यांची जोडी लावू शकले.

ढोल्याचं मत त्या पानावर त्याच्या अक्षरात आहे: ‘लार्सचा हात पळतो आणि जेम्सचा उजवा हात त्याला धरून ठेवतो. पथकात ताशा पळाला की टोलवाला जे करतो तेच.’ (लार्स ड्रमवर, जेम्स गिटारवर. टोलवाला म्हणजे टोल वाजवून सगळ्यांचा ताल धरणारा.) यावर मी खूप विचार केलाय. ड्रमवाल्याने ताल धरायचा आणि गिटारवाल्यांनी त्यावर चालायचं, हा नेहमीचा हिशेब मेटॅलिकात उलटा आहे, हे कितीतरी वर्षं ऐकूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लक्ष्मी रस्त्यावर बारा-बारा तास ढोल वाजवलेल्या माणसाला ते एका संध्याकाळीत कळलं.

त्या रात्री परत येताना बसमध्ये सगळ्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत लाल होत्या. मेडनशी तुलना करायचा प्रयत्न झाला. डॉक्टर म्हणाला, मेडनची कॉन्सर्ट नाटकासारखी होती, मागे इजिप्तचं देऊळ, पडदे बदलतात, गायक गोष्ट सांगतो. मेटॅलिका म्हणजे कीर्तन. बुवा उभे राहतात आणि समोरच्यांना गायला लावतात. मावशीला हे पटलं नाही, तिच्या मते दोन्हीकडे गायलं ते लोकांनीच. चोपडीत दोन्ही मतं आहेत.

इथे मावशीच्या दादाबद्दल लिहायला हवं. तो नव्वदच्या दशकात मुंबईत शिकायला होता आणि धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला दरवर्षी जायचा. १९८६ मध्ये सुरू झालेला तो उत्सव, म्हणजे आपल्याकडच्या बँडचा गणेशोत्सवच. रॉक मशीन, परिक्रमा, पेंटाग्राम ही नावं तो घरातल्या माणसांसारखी घेतो. रंगभवनात पायऱ्यांवर बसलं की गिटारवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा, असं तो सांगतो. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं, त्यामुळे तिथला रॉक बंद झाला. रुग्णालयात झोपलेल्या माणसाची बाजू मला पूर्ण मान्य आहे. पण त्या जागेच्या बदल्यात शहराने तेवढ्याच आकाराची, तेवढीच जवळची दुसरी जागा दिली नाही, याचं दुःख मला आहे. आमच्या पिढीला मिळाली ती रिकामी मैदानं, जिथे प्रत्येक वेळी सगळं गाव उभारायचं आणि दुसऱ्या दिवशी मोडायचं. आणि रात्री दहाची वेळ पाळायची, म्हणून आपल्याकडे मोठमोठे बँड दिवेलागणीलाच मंचावर येतात.

या उभारलेल्या गावात बायकांची काय व्यवस्था असते, तेही सांगते. एका कॉन्सर्टला (कुठली ते लिहीत नाही) हजारो बायका-मुलींसाठी मोजून सहा फिरती शौचालयं होती आणि सातच्या सुमारास त्यांतल्या चारांत पाणी संपलं होतं. मावशी आणि मी त्या दिवशी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. वर पाण्याच्या बाटल्या गेटवरच काढून घेतल्या होत्या. तिथे एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला उचलून बाहेर काढताना मला आयोजकांचा जो संताप आला होता तो अजून गेलेला नाही. चोपडीत त्या पानावर संगीताबद्दल फक्त तीन ओळी आहेत.

गन्स अँड रोझेस आम्ही दोनदा ऐकला, दोन्ही वेळा मुंबईत, आणि खरी तुलना म्हणतात ती या दोन पानांतच आहे. ९ डिसेंबर २०१२, बीकेसी. १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स. बँड तोच, पुष्कळशी गाणी तीच, ऐकणारे तेच. मधे साडेबारा वर्षं.

२०१२ ला मी एक निर्णय घेतला होता, या वेळी रेलिंग नाही. मैदानाच्या मधोमध, मंचासमोर सरळ रेषेत एक तंबू असतो, तिथे ध्वनी मिसळणारा माणूस कन्सोलवर बसतो. तो जे ऐकतो त्यावरून सगळ्या मैदानाचा आवाज ठरतो, तेव्हा त्याच्याच कुंपणाला टेकून उभं राहायचं. आवाजाच्या धंद्यातल्या एकाने मला मेडनचं कोडं तोवर उलगडून सांगितलं होतं. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मैदानाच्या मधल्या-मागच्या भागावर असतो. रेलिंगवरच्या माणसाच्या डोक्यावरून आवाज निघून जातो. त्याला मिळतात ते मंचावरचे ड्रम, थोडे अँप, आणि जमिनीवर मांडलेल्या सबवूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरचा मार. मधल्या रेषेत मात्र डाव्या-उजव्या सबवूफरचा आवाज एकाच वेळी पोचतो आणि खालचे सूर भरीव होतात.

ढोल्या नाराज झाला. इतक्या लांबून काय दिसणार? पण पहिल्या गाण्यात बेसची ओळ उघडी पडली आणि मी त्याचा दंड इतका घट्ट धरला की त्याला वळ उठला. टॉमी स्टिन्सन वाजवत होता. एकेक सूर सुटा, गोल, मागेपुढे जागा सोडून. जवळजवळ पाच वर्षांनी कोडं सुटलं.

तेव्हा मंचावर बँडचा जुना गिटारवादक स्लॅश नव्हता, जुना बेसवादक डफ मॅकॅगन नव्हता. अ‍ॅक्सल रोझ हा गायक पन्नाशीचा होता आणि त्याच्याबरोबर तीन गिटारवादक. पियानोवरचं ते लांब गाणं आलं तेव्हा सोलो तिघांत वाटले गेले. बोटं सफाईदार, सूर अचूक. मी चोपडीत लिहिलंय: ‘सगळं आहे, पण पत्र दुसऱ्याने वाचून दाखवल्यासारखं.’ डॉक्टरला हे फार कठोर वाटलं. त्याच्या मते आवाज शाबूत होता आणि तोच पुरेसा होता.

२०२५ मध्ये मे महिन्याच्या उकाड्यात महालक्ष्मी स्टेशनवरून चालत निघालो तेव्हा आम्ही तिघंच होतो. डॉक्टर लंडनला गेला त्याला सात वर्षं झाली होती. मावशीचा मुलगा दहावीला जाणार होता, ढोल्याच्या गुडघ्याला पट्टा होता. सरळ कन्सोलकडे गेलो, चर्चा झालीच नाही. स्लॅश आणि डफ २०१६ पासून परत आले होते. अ‍ॅक्सल आता ६३ वर्षांचा. वरच्या पट्टीत तो जपून जातो, काही ओळी लोकांवर सोपवतो. पियानोचं गाणं आलं. स्लॅश मंचाच्या कडेला आला, मान मागे टाकली आणि पहिलाच सूर त्याने इतका रोखून धरला की मी श्वास घ्यायची विसरले. बोटं बारा वर्षांपूर्वीच्या तिघांपेक्षा चपळ नव्हती. पण कुठला सूर किती वेळ धरायचा, हे त्या सुराच्या धन्यालाच ठाऊक असतं. खाली डफ बोटांऐवजी पिकने, म्हणजे छोट्या चकतीने वाजवत होता. पिकचा तो करकरीत टणका म्हणजे या बँडचा खरा बेस. २०१२ चा गोल सूर वादक म्हणून मला अधिक आवडला होता, पण ही गाणी या टणक्यासाठी जन्मली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मावशीने न बघता पदराचं टोक पुढे केलं. ती कॉन्सर्टलाही साडी नेसून येते, सुती, आणि खाली स्पोर्ट्स शूज.

पत्र या वेळी लिहिणाऱ्यानेच वाचलं. आवाज थकलेला, पण अक्षर त्याचंच. हे मी फोनवर डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, मग २०१२ चं पान खोडून टाक. खोडलं नाही. त्या रात्री जे ऐकलं ते ऐकलं.

मधे यू-टू बँडची कॉन्सर्ट होऊन गेली, १५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. चौघांतला डॉक्टर तेव्हा सुट्टीवर आला होता. आम्हाला वरच्या स्टँडची तिकिटं मिळाली, म्हणजे पहिल्यांदाच बसून कॉन्सर्ट. चौघे वादक सुरुवातीला मोठ्या मंचावर आलेच नाहीत. लोकांच्या मधे, झाडाच्या आकारात काढलेल्या छोट्या मंचावर उभे राहून वाजवत होते, मुंगीएवढे. ड्रमर लॅरी मलनची काठी स्नेअरवर पडलेली आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, शंभर मीटरला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मला ते खटकत राहिलं. ढोल्याला मात्र काहीच वाटलं नाही. “मिरवणुकीत मागच्या रांगेला असंच ऐकू येतं,” तो म्हणाला, “म्हणून तर आम्ही कानाने नाही, टोलवाल्याच्या हातावर वाजवतो.” मग भलाथोरला पडदा लाल झाला, चौघे त्याच्यासमोर काळ्या काड्यांसारखे उभे राहिले, आणि ए. आर. रहमान आला तेव्हा मावशी उभीच राहिली. तिच्यासाठी तीच सर्वांत मोठी रात्र आहे. माझ्यासाठी नाही. बसून ऐकताना मला पाय कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

गेल्या वर्षी २८ जून २०२५ ला लंडन स्टेडियमवर मेडन होता. डॉक्टर एकटाच गेला. निको मॅकब्रेन २०२४ च्या डिसेंबरात दौऱ्यांतून निवृत्त झालाय, त्याच्या जागी सायमन डॉसन. फोन खिशातच ठेवा, असं बँडनेच लोकांना सांगितलं होतं, त्यामुळे मधे एकही मेसेज नाही. ढोल्या आणि मावशी माझ्याकडेच जमले होते. पहाटे साडेतीनला फोन आला. मागे लोकांचा कल्ला, स्टेशनकडे चाललेल्या गर्दीचा.

ढोल्याने आधी नव्या ड्रमरचं विचारलं. डॉक्टर म्हणाला, निकोचा गोंधळ नाही, हा सरळ वाजवतो, तुला आधी रुचणार नाही, मग रुचेल. मावशीने जेवलास का विचारलं. मग कोलरिजचं गाणं पुन्हा झालं म्हणाला, पूर्ण, लाकडं करकरतात त्या भागासकट.

मी विचारलं, “बेस ऐकू आला का?”

सतरा वर्षांत या माणसाने बेसबद्दल एक शब्द काढला नव्हता. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कन्सोलच्या कुंपणाला टेकून उभा होतो गं. त्या मधल्या भागात डोळे मिटले. एकटा चालत होता.”

ढोल्याने चोपडी उघडली आणि पेन माझ्या हातात दिलं.